शेवटचा बदल खरा

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

रोज लिहिणं मला जमणार नाही. कामाचं काही घडेल त्या दिवशी लिहीन. पुण्याची नोकरी सोडून इथे कन्नड मुलखात आलो त्याला आठ महिने झाले, आणि आलो ते बरं केलं असं आज पहिल्यांदा वाटलं.

कंपनीचे मालक गिरीराज, त्यांनी नवं काम माझ्यावर सोपवलं. एका ट्रस्टचे कामगारांसाठी दवाखाने आहेत: एक बनशंकरीला, एक बोम्मसंद्र्याला, आणि एक व्हॅन कारखान्यांच्या दारोदार फिरते. तिन्ही ठिकाणी एक-एक मशीन, व्हॅनमध्ये लॅपटॉप. प्रत्येक कामगाराचं कार्ड तिन्हीकडे हवं, आणि तेही फोन नसताना. बोम्मसंद्र्याची लाइन एकदा गेली की चार-चार दिवस येत नाही, आणि व्हॅनला फोन कुठला! म्हणून प्रत्येक मशीनवर सगळी कार्डं पूर्ण ठेवायची. संध्याकाळी फोन लागला की मशिनींनी एकमेकींशी बोलून आपापल्या प्रती सारख्या करून घ्यायच्या. लागला नाही तर उद्या. दवाखाना अडत नाही.

नाव मीच ठेवलं, 'जुळणी'. गिरीराजांना आवडलं.

मदतीला भाग्यलक्ष्मी. ती इथल्या जुन्या मराठ्यांच्या घरातली. तीनशे वर्षांपूर्वी कोणी पूर्वज इकडे आले, ते इथलेच झाले. तिचं मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आवरलं नव्हतं. मला 'अण्णा' म्हणते. ऑफिसात अण्णा नको, असं आज सांगितलं. "सरी, अण्णा," म्हणाली. सरी म्हणजे बरं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बनशंकरीला प्रात्यक्षिक. ट्रस्टची माणसं खूश. फक्त बोम्मसंद्र्याच्या डॉ. हेमलता गप्प होत्या. वय साठीकडे झुकलेलं, माहेर धारवाडचं, मराठी चांगलं बोलतात. सव्वीस वर्षं त्याच दवाखान्यात आहेत.

मी टेलिफोनची वायर उपटून दाखवली, आणि तरीही सगळी कार्डं पडद्यावर आली. टाळ्या पडल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्याकडचं सगळं तिकडे जाईल हे कळलं. मी लिहिलेलं माझ्याकडे राहील ना?"

मी हसून म्हणालो, "मॅडम, तीन ठिकाणी राहील."

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाग्यलक्ष्मीने आज सकाळचे दोन तास खाल्ले.

"अण्णा, स्वल्प हे बघा. एकच कार्ड दोन जागी बदललं तर काय?"

"शेवटचा बदल खरा. ठरलंय आपलं."

"शेवटचा म्हणजे कुणाच्या घड्याळानं? लॅपटॉपचं घड्याळ पुढं असलं तर त्यांचं जुनं कार्ड नवं ठरतंय. डॉक्टरबाईंनी लिहिलेलं पुसून जातंय. कुणाला कळत पण नाही."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"दोन्ही ठेवायचं. डॉक्टरांना दाखवायचं, दोन आहेत, खरं कुठलं ते तुम्ही सांगा म्हणून."

मी विचारलं, मशीनच डॉक्टरला प्रश्न विचारणार असेल तर लोकांनी मशीन घ्यायचं कशाला? शिवाय ते करायला महिना लागेल आणि तीन मार्चला मशीन बसवायचंय. ती ऐकेना. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आधी मराठी नीट शीक, मग मला घड्याळ शिकव." सगळे हसले. तीही हसली, जरा उशिराने.

दुपारी तिने हेच सगळं ऑफिसच्या नोंदींमध्ये लिहून टाकलं. शीर्षक 'घड्याळाबद्दल', दीड पान, उदाहरणासकट. ऑफिसच्या नोंदी आम्ही आमच्याच जुळणीत ठेवतो, त्यामुळे ती नोंद आता ऑफिसच्या चारही मशिनींवर आहे. गिरीराज नोंदी वाचत नाहीत, मला तोंडी विचारतात. असू दे.

तिचं म्हणणं चूक आहे का? चूक नाही. पण शंभरात एखाद्या वेळी घडणाऱ्या गोष्टीसाठी काम अडवणं हाही शहाणपणा नाही.

३ मार्च, सोमवार

तिन्ही ठिकाणी जुळणी बसली.

डॉ. हेमलतांची विनंती होती की जुनी कागदी कार्डं सहा महिने तरी राहू द्यावीत. मी ट्रस्टला स्पष्ट सांगितलं, कागद समोर असेल तोवर माणसं मशीनला हात लावणार नाहीत. त्यांना पटलं. कार्डांची पोती दुपारीच रद्दीत गेली. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सव्वीस वर्षांचं अक्षर, म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, त्यातलं निम्मं कुणाला वाचताच येत नव्हतं." नर्सबाई खुदकन हसल्या.

१८ मार्च, मंगळवार

डॉ. हेमलतांचा फोन. एका बाईचा रक्तदाब लिहिला होता, तो दुसऱ्या दिवशी कार्डावर नव्हता. मी विचारलं, सेव्ह केलंत का? केलं, म्हणाल्या. मी म्हटलं, आठवून बघा. मग म्हणाल्या, "केलं असावं."

जेवताना मी त्यांच्या आवाजाची नक्कल केली, "केलं असावं." गिरीराजांना ठसका लागला. भाग्यलक्ष्मीने डबा बंद केला आणि म्हणाली, "व्हॅनचं घड्याळ एकदा बघून येऊ या, अण्णा." मी म्हणालो, तुला फिरायला जायचं असेल तर लालबागेत जा.

२ एप्रिल, बुधवार

आज एक माणूस गेला.

कल्लाप्पा नाव. वय चौतीस, बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात प्रेसवर होता. हाताची जखम चिघळली होती. व्हॅन सकाळी गेटवर आली. तिथल्या तरुण डॉक्टरने लॅपटॉपवर कार्ड बघितलं आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत सूज आली, श्वास कोंडला. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं.

डॉ. हेमलता म्हणतात, चोवीस मार्चला याच माणसाला पेनिसिलिनने अंगभर गांधी आल्या होत्या. तेव्हा त्यांनीच वाचवलं आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुन्हा देऊ नये. कार्डावर तसं काही नाही. तिन्ही मशिनींवर नाही.

मी दुपारी व्हॅन गाठली. लॅपटॉपची तारीख दोन मे दाखवत होती. एक महिना पुढे. त्याच कार्डावर व्हॅनवाल्यांनी वीस मार्चला कल्लाप्पाचा नवा पत्ता लिहिला होता. मशीनच्या लेखी ती एकोणीस एप्रिल. म्हणजे डॉक्टरबाईंची चोवीस मार्चची नोंद जुनी ठरली आणि संध्याकाळी फोन लागल्यावर पत्त्याचं कार्ड तिच्यावर बसलं.

मी तारीख नीट केली. चुकीची तारीख तशीच ठेवण्यात काय अर्थ? ड्रायव्हर बाहेर विडी ओढत होता. त्याने काय चाललंय म्हणून विचारलं. तपासणी, म्हणालो.

घरी आल्यावर जेवलो नाही. उल्काने विचारलं काय झालं. बायकोला ऑफिसचं सांगायचं नाही हा माझा नियम आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

अकरा तारखेला ट्रस्टची चौकशी आहे. गिरीराज एवढंच म्हणाले, "पद्मनाभ, आपलं काम स्वच्छ आहे ना?" मी म्हणालो, हो. त्यांना बावीस माणसांचं पोट सांभाळायचं आहे. कंपनी बुडाली तर कल्लाप्पा परत येणार आहे का?

'घड्याळाबद्दल' ही नोंद आज काढून टाकली. ती चर्चेसाठी होती, चर्चा संपली होती. ऑफिसातल्या तीन मशिनींवरून ती तासाभरात गेली. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. हे आमचं काम फार सुबक झालं आहे.

राहता राहिला चौथा, भाग्यलक्ष्मीकडचा लॅपटॉप. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर आहे आणि घरून फोनवरची जुळणी तपासायला तो घेऊन गेली आहे. तिच्या घरी फोन नाही. तो शेजाऱ्यांकडे आहे. आठवडाभर तिने जोडणीच केलेली नाही.

६ एप्रिल, रविवार

शेजाऱ्यांच्या नंबरावर फोन करून भाग्यलक्ष्मीला बोलावून घेतलं. कल्लाप्पाचं तिला ऑफिसातून कळलं होतं. आवाज बसलेला.

"अण्णा, ते घड्याळाचंच असणार. मला झोप नाही."

"मलाही तेच वाटतंय," मी म्हणालो. "तू सांगितलंस तसं दोन्ही नोंदी ठेवायचं मी करून टाकलंय. चौकशीच्या आधी तुझ्या लॅपटॉपवर यायला हवं. एकदा जोडून घे."

"खरंच केलंत, अण्णा?"

"खरंच."

पाडव्याला सकाळी जोडते म्हणाली, शेजारी देवळात जातील तेव्हा लाइन मोकळी असते. मग म्हणाली, "तुम्ही माझं ऐकलं, बरं वाटलं."

८ एप्रिल, मंगळवार. पाडवा

उल्का गुढी उभारत होती. तिला तसंच सोडून ऑफिसला आलो. इमारतीत कोणी नव्हतं. दहा वाजून वीस मिनिटांनी भाग्यलक्ष्मीची जोडणी आली. दोन मिनिटं लागली. सगळ्या प्रती सारख्या झाल्या.

परत जाताना मल्लेश्वरमच्या बाजारात आंब्याचे डहाळे, झेंडू, कडुनिंबाचे ढीग होते. उल्कासाठी मोगरा घेतला. तिने केसांत माळला नाही, पाण्यात ठेवला. "सणाच्या दिवशी एवढं काय अडलं होतं?" म्हणाली. एक फाइल सारखी करायची होती, म्हणून सांगितलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून ठेवतो.

बनशंकरीच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर चौकशी. ट्रस्टचे तीन विश्वस्त, डॉ. हेमलता, गिरीराज, मी, भाग्यलक्ष्मी. आधी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी लिहिलं होतं. मला म्हणाले, लिहिलेलं असं नाहीसं होऊ शकतं का? मी म्हणालो, मशीन आपल्या मनाने काही पुसत नाही. तीन मशिनी आहेत, तीनही तेच सांगतात.

यात खोटं काय आहे? मशीन मनाने काही करत नाही, हे खरंच आहे.

तेव्हा भाग्यलक्ष्मी उभी राहिली. "होऊ शकतं, सर. मी फेब्रुवारीत लिहून दिलंय. आता दाखवते."

तिने लॅपटॉप उघडला. नोंदींची यादी वर नेली, खाली नेली. पुन्हा वर नेली. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. एक विश्वस्त म्हणाले, घाई नाही, बघा सावकाश. ती बघत राहिली. मग तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली कागदांकडे बघत होतो.

मी हळू आवाजात विश्वस्तांना म्हणालो, "घरी वडिलांचं ऑपरेशन झालंय. फार ताणात आहे बिचारी." ते मान हलवत म्हणाले, बसा बाई, पाणी घ्या. मला वाटतं मी ते चांगल्या तऱ्हेने निभावलं. तिला कोणी खोटारडी म्हणालं नाही.

डॉ. हेमलतांना पुन्हा विचारलं, सेव्ह केल्याचं नक्की आठवतं? मी अठरा मार्चच्या फोनची आठवण करून दिली. तेव्हाही त्यांना नक्की आठवत नव्हतं. डॉक्टरबाई बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी लिहिलं." आधी म्हणाल्या होत्या लिहिलं, आता म्हणाल्या वाटलं. विश्वस्तांनी ते तसंच उतरवून घेतलं.

जिन्यात भाग्यलक्ष्मीने मला गाठलं. रडत नव्हती.

"अण्णा, पाडव्याला जोडायला सांगितलं ते ह्याच्यासाठी?"

मी म्हणालो, "ऑफिसात अण्णा म्हणायचं नाही, किती वेळा सांगायचं तुला?"

१६ एप्रिल, बुधवार

भाग्यलक्ष्मीने राजीनामा दिला. गिरीराजांनी लगेच घेतला. ट्रस्टपुढे कंपनीच्या विरुद्ध उभी राहिलेली मुलगी ठेवणार तरी कशी? तिचं टेबल खिडकीजवळ आहे. मी तिकडे बसायला लागलो, उजेड बरा येतो.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी तिचे वडील आले. रघुजी. एस.टी.सारखी इथली सरकारी बस आहे, तिचे निवृत्त कंडक्टर. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, जिना चढून दम लागलेला. कोणी सोबत नव्हतं. मी कॉफी मागवली.

"नोकरीचं बोलायला नाही आलो मी," ते म्हणाले. "मुलगी जेवत नाही. आपणच लिहिलं होतं की नाही, तेच तिला आता कळंना झालंय. रात्रंदिवस तेच विचारते, अप्पा, मी लिहिलं होतं ना? मला काय ठाऊक, मी कन्नड शाळेचा माणूस. तुम्ही मोठे. तुम्ही एक चिठ्ठी द्या स्वल्प, की बाळ, तू लिहिलं होतंस. तेवढंच. कुणाला दाखवणार नाही."

मी म्हणालो, बघतो. त्यांनी हात जोडले, पण मी समोर नव्हतो. कपाट बंद करायला उठलो होतो. ते माझ्या खुर्चीकडे बघून हात जोडत होते.

लिहायला काय, चार ओळींचं काम. पण कागद एकदा बाहेर गेला की तो कुठे जाईल सांगता येत नाही.

२ मे, शुक्रवार

डॉ. हेमलतांनी काम सोडलं. ट्रस्टने त्यांना निरोप समारंभ करू का म्हणून विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येक रोग्याला दोन-दोनदा विचारत होत्या, तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही? नर्सबाई सांगत होत्या की एकाच माणसाला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडला.

रघुजींना चिठ्ठी द्यायची राहिलीच.

१२ मे, सोमवार

जुळणीत आता दोन्ही नोंदी राहतात. एकाच कार्डावर दोन बदल आले तर दोन्ही डॉक्टरला दिसतात. भाग्यलक्ष्मीच्या उदाहरणावरूनच केलं. ते माझ्या लक्षात होतं. तीन आठवडे लागले. गिरीराजांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. पुढच्या महिन्यात म्हैसूरचे दोन दवाखाने हेच घेणार आहेत.

उल्का पुण्याला गेली आहे. उन्हाळ्यात जातेच. या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही, तिथे गेल्यावर बघते म्हणाली.

१९ मे, सोमवार

बोम्मसंद्र्याला नवी जुळणी बसवायला गेलो. तिथे झाडलोटीला एक नवी बाई दिसली. मला फोनवर उल्काशी मराठीत बोलताना ऐकून पुढे आली. निपाणीकडची, अंबूबाई. कल्लाप्पाची बायको. ट्रस्टने तिला कामावर घेतलं आहे.

"तुमी मराठी व्हय," म्हणाली. "लई दिसांनी ऐकलं. हितं समदी कानडी बोलत्यात, मला अर्धं कळतं, अर्धं न्हाई."

मी माझं काम करत राहिलो. ती पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत तिथेच राहिली.

"त्येंनी त्या दिशी डॉक्टरला सांगितलं हुतं," ती म्हणाली. "सुई सोसत न्हाई म्हणून. शेजारचा मानूस हुता तितं, त्यानं ऐकलं. डॉक्टर म्हनला, कॉम्प्युटरात तसं काय न्हाई. मग हे गप बसले. मशीन खोटं कशाला सांगंल, असं वाटलं असंल."

मी पुढची फ्लॉपी घातली.

मग ती आत गेली आणि पिशवीतून रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेली एक चिठ्ठी घेऊन आली. कल्लाप्पाच्या कामाच्या सदऱ्यात सापडली म्हणाली. "सुट्टीची हाय वाटतं. मोठ्या डॉक्टरबाईंनी दिली हुती. ह्येंनी कारखान्यात दिलीच न्हाई, तसंच कामावर गेले. मला वाचता येत न्हाई. आता देऊन काय व्हईल का, बघा की."

दवाखान्याचं छापील पॅड. चोवीस मार्च. कारखान्याच्या टाइमकीपरला उद्देशून, इंग्रजीत: कल्लाप्पाला पेनिसिलिनची तीव्र रिअॅक्शन, नोंद कार्डावर केली आहे, दोन दिवस विश्रांती द्यावी. खाली डॉ. हेमलतांची सही. दिवसाला अशा चिठ्ठ्या त्या वीस-वीस लिहीत असतील. ही त्यांना आठवलीसुद्धा नसेल.

मी दोनदा वाचली. "सुट्टीचीच आहे," म्हणालो. "आता हिचा उपयोग नाही. माझ्याकडे राहू दे, कार्डाला जोडतो."

"जोडा की," ती म्हणाली. मग विचारलं, "त्येंचं कार्ड हाय व्हय अजून?"

मी छापून दिलं. तिने हात पदराला पुसून घेतलं आणि म्हणाली, वाचा. मी वाचलं: नाव, वय, खातं, पत्ता.

"आनि?"

"एवढंच."

तिने कागद कपाळाला लावला. माझं काम होईपर्यंत ती तो पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी होती. निघालो तर गाडीपर्यंत धावत आली. खिडकीशी वाकून म्हणाली, "चिठ्ठी जपा हं, दादा. कुनी विचारलं तर दावाया पायजे. आमच्याकडं दुसरं कायबी लिवलेलं न्हाई."

"जपतो," मी म्हणालो.

होसूर रोडवर ट्रक अडकले होते, अर्धा तास गाडी हलली नाही. तेवढ्यात चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि दोन-चार, दोन-चार करून खिडकीतून सोडून दिले. उद्यापासून म्हैसूरची तयारी.